पुढची तारीख

गुणाजीने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केले,
चार तारखेला एक
आणि मग एकदम बावीसला.
मी म्हटलं, आणि मधल्या दिवसांत काय?
तो म्हणाला, काकी, मधल्या दिवसांत पाणी.

वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्यावर माझी खानावळ.
एकोणीस वर्षं, दोन वेळा, तीस-पस्तीस पानं.
माणूस बाकावर कोपर कसं टेकतो
एवढ्यावरून मी सांगते
भात किती वाढायचा.

हा मात्र लाकडी पेटीत, सोलांच्या बरण्यांशेजारी,
साडेसात फूट, पाठीला अकरा टाके.
उभादांड्याच्या खाडीत जाळ्यात अडकला होता,
नायलॉनने कातडी कापलेली.
टाके सुकेपर्यंत ठेवायचा, मग सोडायचा.
वनखात्याचा तसा कागद
प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलाय.
गुणाजीला रत्नागिरीला जावं लागलं, बायकोचं ऑपरेशन.
तेव्हा आला माझ्या पदरी.

चार तारखेला खोबऱ्याच्या माळ्यावरची घूस,
मेलेली, कोमट करून, लांब चिमट्याने.
गिळायला त्याला पाऊण तास लागला.
मी तोवर तिसरी पंगत उठवली.
नंतर त्याच्या अंगात मध्येच
एक गाठ, उशीत ठेवलेल्या नारळासारखी.
हात लावायचा नाही, हलवायचं नाही,
गुणाजीने बजावलं होतं.

पाच, सहा, सात.
आठ तारखेला गाठ दिसेना.
रात्री भांडी घासताना त्याच्या पेटीकडे पाठ करवेना.
खानावळीत कुणी उपाशी आहे
आणि मी पितळी पालथ्या घालतेय,
असं कधी झालं नव्हतं.
त्याच्या तोंडावर भूक दिसत नाही.
तृप्तीही नाही.
दोन्ही वेळेला तेच डोळे, तीच जीभ,
आत-बाहेर, आत-बाहेर,
हवेची चव बघणारी.

अकराला मी दुसरी घूस दिली.
गुणाजीला सांगितलं नाही.
त्याने घेतली. मला बरं वाटलं,
कुणी परत भात मागितला की वाटतं तसं.

तेराला पहाटे पेटीत ती तशीच होती,
केसांसकट, लिबलिबीत, अर्धी.
वास असा, की उदबत्तीचा अख्खा पुडा संपला
तरी गिऱ्हाईक नाक दाबून बाहेरच.
तो कोपऱ्यात वेटोळं करून,
टाक्यांपाशी ताणलेला.

फोनवर गुणाजी रागावला नाही.
तेच लागलं मला.
म्हणाला, त्येका वाटात तेव्हा न्हय गो,
तुका वाटला म्हणान दिलंस.
आता पंधरा दिवस काय एक नको.
आणि थोडं थांबून: तू जेवलंस?

मी नव्हते जेवले.

बावीसचा गोल मी पुसायला गेले.
लाल शाई, पुसता पुसता पसरली.
अठ्ठावीसला पारड्याची माई एक तलंग देऊन गेली,
पाय बांधलेली, तपकिरी.
पण त्याचे डोळे निळसर झाले होते,
नासक्या दुधावरच्या पाण्यासारखे.
म्हणजे कात.
म्हणजे पुन्हा थांबा.
मी थांबले.
ह्या वेळी तेवढं जमलं.

तीन तारखेच्या रात्री पेटीतून खरखर,
सुक्या झावळ्या ओढाव्यात तशी.
सकाळी कात उलटी पडलेली, डोळ्यांच्या चकत्यांसकट,
आणि टाक्यांच्या जागी नुसती एक फिकट रेघ.

गुणाजी आला, वनरक्षक मोंडकर आले,
दाभोलीच्या वरच्या रानात पेटी आडवी केली.
तो घाईत नव्हता.
करवंदीच्या जाळीखाली अर्धा गेला, थांबला,
मग उरलेला गेला.
किती दिवसांचा उपाशी, मी मनात मोजत होते.
मोंडकर सही घेत होते.

कॅलेंडरचं पान उलटलं
तर पंधराला गुणाजीचा जुना गोल, पुढच्या जेवणाचा.
त्या दिवशी तो कुठे असेल,
काही सापडलं असेल की नाही,
सापडायला हवं होतं का, तेही कळत नाही.

तलंग अजून परसात आहे.
पाय सोडले तिचे.
सकाळी एकदा, तिन्हीसांजेला एकदा
दारात येऊन उभी राहते, मान वाकडी करून.
हिचं कळतं मला.