मरायची राहून गेलेली

नोइयाच्या खाडीत आज ओहोटी आठ दहाला,
जानेवारीत म्हणजे उजाडायच्या आधी.
दोसिंदा, माझी आई, वय एकसष्ट,
कमरेपर्यंतच्या रबरी बुटांत उतरते
आणि दाताळं ओढते चिखलातून,
जसे झोपलेल्या पोरीचे केस विंचरावेत.

दहा शिंपल्या वर आल्या, त्यांतल्या चार उघड्या.
जिवंत शिंपली बोट लागताच मिटते.
या मिटत नाहीत.
गेल्या वर्षी दहांत एक होती, ती म्हणते.
तिची वही तिच्या बोटांत.
माझी सान्तियागोला, तिसऱ्या मजल्यावर,
उणे ऐंशी अंशांत.

सुई घालते. पाणचट रक्ताचा थेंब.
काचेखाली पेशी: गोल, फुगलेल्या,
शेजारणीला न ओळखणाऱ्या.
गुणसूत्रं असायला हवीत अडतीस.
एकीत अकरा. दुसरीत तीनशेच्या वर.
घर सोडून पळताना कुणी सामान भरावं तसं,
अर्धं विसरून, उरलेलं दहादा कोंबून.

मग अक्षर न् अक्षर लावून बघते,
आणि जुळत नाही.
रोग या शिंपलीचा नाहीच.
पलीकडच्या खाडीतले थेंब आणते,
त्याही पलीकडच्या,
ते मात्र आपापसांत जुळतात.
बहिणींसारखे नव्हे,
एकाच बाईसारखे.

म्हणजे एक शिंपली होती.
कधीतरी. शेकडो वर्षांपूर्वी, हजारोही असतील,
माझ्या वंशवृक्षाची फांदी तिथे धूसर होते.
आजारी पडली, मेली, कवच वाळूत विरलं.
तिची एक पेशी तेवढी
मरायची राहून गेली.
पाण्यातून दुसरीच्या अंगात शिरली,
तिथून तिसरीच्या.
स्वतःची चूल विझत आली
की घरधनिणीची चूल उचलायची,
तिच्यावर आपलं शिजवायचं.
असं किती वेळा केलं, त्याच्या खुणा
मी निळ्या शाईने केल्या आहेत.

रोगाला खेकड्याचं नाव ज्यांनी दिलं
त्यांनी तो एका जागी नांग्या रुतवून बसलेला पाहिला होता.
हा चालतो.

रविवारी जेवताना आईला सांगितलं.
तिने पाव मोडला, ऐकलं, विचारलं,
"खायला चालतं ना?"
चालतं. माणसाला काही होत नाही.
"मग ती पहिली," ती म्हणाली,
"तिला कुणी पुरलंच नाही म्हणायचं."
आणि मला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट
मी कधी ऐकलीच नसावी अशी सांगितली:
रात्री मेलेल्यांची रांग गावातून निघते.
सगळ्यांत पुढे मात्र एक जिवंत माणूस,
एका हातात क्रूस, दुसऱ्यात पाण्याचं भांडं.
सकाळी त्याला काही आठवत नाही.
नुसता फिकट होत जातो, दिवसेंदिवस.
सुटका एकच,
वाटेत भेटेल त्याच्या हाती भांडं द्यायचं.
"लिहितेस त्यात हे घाल."

घातलं नाही.
शोधनिबंधावर बेचाळीस नावं, माझं सातवं.
लागण कशी होते, तिथे लिहिलंय,
ते अद्याप नक्की सांगता येत नाही.

पंधरवड्याने पुन्हा तीच वेळ, तोच काळोख.
शेनेरोसा, आउरिता, मारुशा, मागे दोसिंदा,
कपाळावर दिवे बांधून,
ओळीने, न बोलता, चिखलातून पाय उपसत.
बादली माझ्याकडे, म्हणून मी पुढे.
बादलीत लांबून मागवलेल्या कोवळ्या शिंपल्या,
निरोगी, तपासलेल्या,
जाळीत घालून इथल्या चिखलात ठेवायच्या
आणि दिवस मोजायचे.

धक्क्याच्या पायऱ्यांपाशी ब्राइस उभा होता,
नवा विद्यार्थी, बूट अजून कोरे.
"आल्दारा, दे इकडे, मी घेतो,"
आणि हात पुढे केला.

मागचे दिवे थांबले.
आई काहीच बोलली नाही.
बादलीची कडी फार गार होती.