अर्धं आधीपासून

बाबांनी मृत्युपत्र केलं नाही.
केल्या त्या फक्त दुरुस्त्या:
पंपाचा वायसर, कामतांचा रेडिओ,
आणि माझ्या लग्नातला बंद पडलेला लाऊडस्पीकर.

फोंड्याच्या कोर्टात आई कुटुंबप्रमुख झाली.
कायदाच तसा, वकील म्हणाले,
यादी तिने द्यायची, शपथेवर.
ती उभी राहिली, पदर सावरून,
बाजारहाट सांगावा तशी सांगू लागली:
सावई वेऱ्यातलं घर, कौलारू.
पोफळी दोनशे अकरा.
दोनशे बारा होत्या, एकीवर वीज पडली.
विहीर अर्धी, उरलेली कामतांची.
तांब्याचं भाण, पोचा पडलेलं.
लुना. बंद.

जावयाची सही लागते, सुनेचीही लागते.
माझा नवरा सांग्याहून अर्धी रजा टाकून आला
आणि बंद लुनासाठी सही करताना
दोनदा म्हणाला, मी कशाला?
मधूचा कागद कुवेतहून आला, शिक्क्यांनी जड.
वल्लभ मला जिन्यात म्हणाला,
तुझं काय बाय, तू सोडून दे, मोकळी हो.

मग वकिलांनी टेबलावर बोटाने रेघ ओढली.
अलीकडचं अर्धं बाईंचं.
वाटणीतलं नव्हे, लग्नाच्या दिवसापासूनचं.
पलीकडच्याचे तीन:
सहावा, सहावा, सहावा.

आई बराच वेळ त्या रेघेकडे बघत होती.
रेघ पुसलीही गेली होती तोवर.
म्हणाली, म्हणजे एक्केचाळीस वर्षं
मी माझ्याच चुलीवर
विचारून चहा ठेवत होते?
वकिलांनी फाईल उगाच बंद करून उघडली.

बोलीच्या दिवशी वल्लभने घर मागितलं,
मधूच्या वतीने कुणी आकडा चढवला.
मी म्हटलं, मला विहीर हवी.
हसले सगळे, कारकूनसुद्धा.
त्या विहिरीत पोहायला शिकले मी,
कमरेला सुंभ, काठावर बाबा.
दोराचं दुसरं टोक यादीत कुठे लिहिणार?

विहीर सुटी जात नाही हो,
कुळागराबरोबर जाते, वकील म्हणाले.
बरं, म्हटलं,
आणि कुळागराचा आकडा बोलले.

वल्लभने मान वळवून माझ्याकडे बघितलं,
लहानपणी पानातला मासा उचलला की बघायचा तसं.
त्याने वाढवला. मी वाढवला.
माझ्या नवऱ्याचा हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला.
पुढची तारीख पडली.

संध्याकाळी घरी आलो सगळे एकाच रिक्षाने,
भाड्यावरून थोडं भांडून.
आईने चहा केला.
एक कप.
तो घेऊन ती पोफळींकडे तोंड करून बसली.
आम्ही ओट्यावर थांबलो कितीतरी वेळ,
दूध उरलंय का
हे विचारायलाही कुणी आत गेलं नाही.