वळणावर हळू

क्लोदोमिराबाईंचं घर आम्ही ओढलं
त्याला यंदा एकतीस वर्षं झाली.
अख्खं घर. फळ्यांच्या भिंती, चूल, धुराडं, सगळं जसंच्या तसं.
खिडक्यांच्या काचा तेवढ्या काढून गवतात ठेवल्या.
खाली दोन ओंडके, पुढे बारा बैलजोड्या,
पहिली माझी : क्लावेल आणि पालोमो.
खाडीकाठ खचत होता, म्हणून टेकडीवर.
चिलोए बेटावर याला मिंगा म्हणतात.
मजुरी नाही. ज्याचं घर, त्यानं जेवू घालायचं.
रुदेसिंदो तेव्हा विशीतला, दोर धरून पुढे पळत होता.
बाई घरातून उतरायलाच तयार नव्हत्या,
खिडकीच्या भोकातून ओरडत राहिल्या :
वळणावर हळू रे, माझ्या बश्या फुटतील!

बढाई म्हणून सांगत नाही.
उलट.
त्याच घरात गेली चार वर्षं
एक माणूस एकटा
आपल्या आईला दर दोन तासांनी
या कुशीवरून त्या कुशीवर करतो,
रात्रीसुद्धा,
हे आम्हाला माहीत होतं.

रस्त्यात भेटला की विचारायचो, आई कशी आहे?
तो म्हणायचा, आहे.
मग आम्ही लोकरीचे मोजे विणून पाठवायचो.
सात जोड झाले.
बाईंचे पाय दोन, आणि ते जमिनीला टेकत नाहीत.
तू कसा आहेस,
हे काही आमच्या भाषेत अवघड वाक्य नाही.

माझे बैल गेले, सवय गेली नाही.
इकडे जू मानेवर नसतं, शिंगांना वाद्यांनी आवळतात.
संध्याकाळी जोडी सोडली की
आधी शिंगांच्या मुळाशी बोट फिरवायचं,
कुठे काचलंय का बघायचं.
काचलं असेल तर उद्या तो बैल मोकळा.
मग नांगरणी राहिली तरी राहू दे.
त्या मंगळवारी दुकानात
रुदेसिंदो सुटे पैसे मोजत होता
आणि मोजता मोजता उभ्यानंच झोपला.
मूठ सुटली. नाणी घरंगळली.
इर्मा गल्ल्यामागून हसली, मग हसायची थांबली.
मी खाली वाकून नाणी वेचत बसलो,
वर बघायची हिंमत होईना.

काय हवं तुला, शेवटी विचारलं.
औषध म्हणाला नाही, पैसे म्हणाला नाही.
बराच वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला,
गुरुवार. दोन ते सहा.

दवाखान्यातल्या पोरीनं आम्हाला शिकवलं :
पाणी दाट करून चमच्यानं, हनुवटी खाली.
उचलायचं नाही, चादरीसकट सरकवायचं,
दोघांनी, एका हाकेवर.
हाक आम्हाला येत होती.
लंगोट बदलणार नाही, असं मी बजावलं होतं.
दुसऱ्याच खेपेला बदलला.

पहिल्या गुरुवारी हा बाबा
रात्रभर जागून आमच्यासाठी बटाट्याच्या पोळ्या करून बसलेला.
मिंगाचा नियम आहे, म्हणे.
इर्मानं दंडाला धरून बाहेर काढला.
चार तास लाकडं फोडायच्या ओंडक्यावर
दाराकडे बघत बसला.
पुढच्या खेपेला होडीत झोपला, तोंडावर टोपी.
त्याच्या पुढच्या खेपेला कुठे गेला
कोणी विचारलं नाही.
केस ओले होते, आणि शीळ घालत आला.

आज माझी पाळी.
इर्मा चादरीच्या पलीकडच्या टोकाला.
बाईंनी डोळे उघडले. मला ओळखलं की क्लावेलला,
सांगता येत नाही.
पोचलो का, म्हणाल्या.
नाही अजून.
वळणावर हळू.
हो बाई, म्हटलं,
आणि त्यांना डाव्या कुशीवर वळवलं.