साडेतीन

संपादक म्हणाले, सहाशे शब्द, आणि शेवटी तारे.
शनिवारच्या पुरवणीत, दागिन्यांच्या जाहिरातीखाली.
कंपनीने गाडी दिली तीन दिवस, एक टाकी पेट्रोल,
आणि एक गुळगुळीत पुस्तिका, जिच्यात 'प्रीमियम' हा शब्द
मी मोजला. एकोणीस वेळा.
ज्याला आमंत्रण असतं
तो दारात इतक्यांदा नाव सांगत नाही.

लांब नाक. मागे उतरत गेलेलं छप्पर.
आणि काचेसकट वर उचललं जाणारं दार.
डिकीचं माप पुस्तिकेत लिटरमध्ये आहे,
माझं माप तांब्याचा बंब:
भांडी बाजारातून दोनदा डाग लावून आणलेला,
बारा वर्षं प्रत्येक गाडीत तोच घालून बघतो.
भल्याभल्या सेडानच्या तोंडाशी तो अडला आहे.
इथे आडवा झाला, तोटीसकट,
दार त्याच्यावरून मिटलं,
आणि बंब चकार शब्द बोलला नाही.

मागच्या सीटवर फोटोग्राफर हेरंब गायधनी, सहा फूट एक इंच.
"मस्त आहे गाडी," म्हणाला,
मान खांद्यावर ठेवून.
हे लिहायचं का? लिहिलं.
दाराचं हँडल
बोटाला धातू, नखाला प्लास्टिक.
हेही.

गंगापूर रोडच्या हॉटेलात किल्ली घेणारा पोरगा
बोनेटवरचं चिन्ह वाकून वाचत राहिला.
"साहेब, ही कुठली?"
सांगितलं.
"अच्छा."
आणि जर्मन गाड्यांची दर्शनी रांग ओलांडून
तिला जनरेटरपाशी लावून आला.
तो 'अच्छा' माझ्या ओळखीचा आहे.
कंपन्यांच्या समारंभात मराठी पेपरचं नाव सांगितलं
की मिळतो,
गार सामोशाबरोबर.

सारडा सर्कलला मुनीर कोकणींनी
तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.
टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले,
पोटाखालचा शाफ्ट बोटाच्या पेराने वाजवला,
पुढून मागच्या चाकांपर्यंत सावकाश चालत गेले.
"हल्ली सगळ्या ओढतात," खालूनच म्हणाले.
"ही ढकलते."
मग वर येऊन, हात पुसत,
"ओल्या रस्त्यावर जपून. लाडात आली तर शेपूट फिरवेल."

तिसऱ्या पहाटे नांदुरीचा घाट.
जे बटण बंद करू नका म्हणाले होते
ते बंद केलं.
चौथ्या की पाचव्या वळणाच्या पोटात नाक टेकवलं
आणि मागचं अंग
चार बोटं, फक्त चार बोटं, बाहेर गेलं,
वर्तुळ काढताना कंपासचं टोक रुतून राहतं
आणि पेन्सिलचा पाय फिरतो तसं,
आणि उमटणारी रेघ आपलीच, हा भरवसा.
हेरंबचा कॅमेरा मांडीवरच राहिला.
मागे बंब एकदा घुमला.
(काढायचा राहिला होता.)

वर, पायऱ्यांपाशी, इंजिन टिकटिकत निवत होतं.
साडेतीन पीठांतलं हे अर्धं,
पण नारळ इथे कुणी अर्धा आणत नाही.

छताला, प्लास्टिकला,
चाकांच्या कमानीतून आत येणाऱ्या रस्त्याच्या आवाजाला धरून
तीन.
आणि त्या एका वळणाचा अर्धा.

रात्री पान लावणाऱ्या प्रज्ञा थेटेंचा फोन:
"अर्धा तारा आमच्या फाँटमध्ये नाही. तीन करू की चार?"
मी रिक्षात होतो, गुडघ्यांत बंब.
म्हटलं, चार घ्या, आणि शेवटचा
उजवीकडून खोडा.

शनिवारी तिथे काळा डाग आला.
मुनीरभाईंनी पुरवणी गॅरेजच्या भिंतीला चिकटवली,
चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचली,
मग विचारलं,
"सगळं लिहिलंस. केवढ्याची आहे?"

सहाशे शब्द शोधले.
किंमत कुठेच नव्हती.