कोरडं वजन

चार हजार अक्षरं.
मोकळ्या जागाही मोजल्या जातील, असं फॉर्म बजावतो.
गेल्या वर्षीचं उघडलं, तर पहिलंच वाक्य
पाटावर बसलेल्या नवरदेवासारखं :
"वयाच्या सहाव्या वर्षी मी माझ्या बाहुलीला टाके घातले."
बाहुली नव्हतीच.
उशी होती, उसवलेली,
आणि ती आईनं शिवली.
श्रीपाददादा म्हणाला होता, असं काहीतरी लागतंच.
त्यानंच इंग्रजीतला ध्यास तीन ठिकाणी घातला
आणि सगळ्यात शेवटी करुणा,
नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवावं तशी.

नकार आला साडेतीन ओळींचा.
बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचला
आणि म्हणाले,
भाषा मात्र सभ्य आहे हो त्या लोकांची.

यंदा सहावं वर्ष खोडलं. बाहुली गेली.
दोनशे अकरा अक्षरं मोकळी झाली
आणि मला धडधडायला लागलं,
एवढ्या जागेत आता काय ठेवू?

वर्षभर मी वजनं लिहिली.
रावपुऱ्यात, टॉवरमागच्या गल्लीत,
डायलिसिसच्या सेंटरवर.
येतानाचं. जातानाचं.
मधल्या चार तासांत कुणाचं दोन किलो पाणी उतरे,
कुणाचं सव्वातीन.
प्रत्येक फायलीवर लाल पेनानं एक आकडा : ड्राय वेट.
म्हणजे पाणी वजा जाता माणूस उरतो तेवढा,
जागृतीबेन म्हणाली.
काटा तो दाखवत नाही.
पायाची सूज बघून, प्रेशर बघून
अंदाजानं काढायचा,
आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चुकायचा.

चार नंबरच्या खुर्चीवर मफतभाई.
मंगळवार, शुक्रवार.
तिसऱ्या तासाला कपाळावर घाम येई नि म्हणत,
"बेन, मूंझारो थाय छे."
मी जागृतीबेनला हाक मारी, खुर्ची मागे कलवी.
घरी आईला सांगताना मी घुसमट म्हणाले,
मग कासावीस, मग म्हटलं, जाऊ दे.
दादानं इंग्रजीत "अस्वस्थता" लिहिली.
अस्वस्थ तर मी दहावीच्या निकालालाही होते.
शेवटी रोमन लिपीत तोच शब्द टाकला, आठ अक्षरांचा.
कॉम्प्युटरनं खाली लाल नागमोडी ओढली.
ओढू दे.

पुढचं वाक्य अवघड होतं.
एका शुक्रवारी मफतभाई नऊशे ग्रॅम जास्त भरले,
शर्टाला लसणाचा वास,
आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.
कोपऱ्यावरची सेव-उसळ. वर तर्री.
मी आकडा लिहिला. कारण लिहिलं नाही.
त्या दिवशी त्यांच्या पायात असे गोळे आले
की खुर्चीचा हात त्यांनी उपटायचाच ठेवला होता.
हे मी लिहिलं, जसंच्या तसं,
सहा वेळा खोडून.
दादा म्हणाला, वेडी आहेस का?
चूक कबूल करतेस? शिवाय यात नेतृत्व कुठंय?

मग वाटलं, ज्याचं आहे त्याला तरी विचारावं.
मशीनच्या गुणगुणीत त्यांना वाचून दाखवलं,
माझ्या मोडक्या गुजरातीत, दांडिया बाजारच्या हेलानं.
डोळे मिटून ऐकत होते.
मला वाटलं, झोपले.
"मारुं नाम भले लख," म्हणाले,
"सेव-उसळनुं काढी नाख. डॉक्टर वांचशे."
लंडनचे डॉक्टर, काका, मी म्हटलं.
ते म्हणाले, डॉक्टर ते डॉक्टर.

रात्री नाव काढलं, सेव-उसळ काढली.
उरला एक माणूस, नऊशे ग्रॅम,
आणि एक मुलगी, जिनं कारण लिहिलं नाही.
तीन हजार एकशे चाळीस अक्षरं.
खाली ध्यास नाही, करुणा नाही,
शेवटचं वाक्य अजून नीट उभं राहत नाही.

गुरुवारी पाठवायचंय.
आज मंगळवार.
मफतभाई काट्यापाशी येतात, चपला काढतात,
मग काहीतरी आठवून
खिशातली चिल्लर, किल्ली, घडी घातलेला रुमाल
सगळं माझ्या ओंजळीत देतात
आणि काट्यावर चढून सरळ समोर बघतात.
"लख, बेन."