उसवण

भवानी पेठेत सव्वीस वर्षं ब्लाउज शिवले,
म्हणून एवढं कळतं :
कापड मऊ आणि अस्तर कडक असलं
की आधी कापड जातं.
हे तेव्हा डॉक्टरांना सांगायचं सुचलं नाही,
जेव्हा अंग बाहेर यायचं
आणि मी एका कुशीवर बसून मशीन मारायची.

"जाळी बसवू, मावशी. वर उचलून धरेल."
धरलं. खोटं कशाला बोलू.
दोन वर्षं बिनधास्त शिंकले,
नातीला कडेवर घेऊन तुळशीबाग फिरले.

मग परकराला बारीक डाग.
मग रिक्षा खड्ड्यातून गेली की
आत कुणी टाचणी विसरल्यासारखं.
एका रात्री दिगंबर दचकून बाजूला झाले,
"काहीतरी टोचलं मला."
दोघं पंख्याकडे बघत पडलो.
दुसऱ्या दिवसापासून त्यांची गादी बाहेरच्या खोलीत, टीव्हीजवळ.

जावेला म्हटलं, पाठ दुखते.

डॉ. तांबोळींनी माझ्या हातात आरसा दिला.
साठाव्या वर्षी स्वतःला पहिल्यांदा बघितलं :
तिथे वर आलेला
निळसर, तीळभर धागा.
"नायलॉन?" मी विचारलं.
"त्याचाच चुलतभाऊ."
"मग उसवून टाका सगळी."

त्या हसल्या नाहीत.
"तुमचं मांस तिच्या घराघरांतून वाढलंय,
कुंपणाच्या तारेत बाभूळ वाढते तसं.
तार ओढली तर खोड फाटेल.
आधी मलम, तीन महिने, आठवड्यातून दोनदा.
कातडी मिटली नाही तर दिसतं तेवढं कापू.
तरी दुखलं, तर मोठं ऑपरेशन.
मग अंग परत खाली येऊ शकतं,
हे आत्ताच सांगून ठेवते."

आत्ताच. हा शब्द मी घरी घेऊन आले.

जुन्या फायलीत जाळीचं स्टिकर शोधताना
संमतीचा कागद सापडला.
खाली माझी सही, वळणदार, सुधामती रासकर.
वरचा मजकूर मी तेव्हा वाचलाच नव्हता.
आता वाचला. दोनदा. चष्मा लावून.
"क्वचित" असं एका ठिकाणी लिहिलं होतं.

मलम लावलं. मिटली नाही.

परवा बुधवारी तुकडा ट्रेमध्ये पडला,
नखाएवढा. मागून घेतला.
बाकीची आत आहे.
तिच्याशी माझं अजून काही ठरलेलं नाही.

काड्यापेटी उघडून दिगंबरांना दाखवला.
त्यांनी तो बोटावर घेतला, मशीनच्या दिव्याखाली धरला.
"एवढंच?"
"एवढंच दिसत होतं."
टीव्ही बंद केला त्यांनी.
चष्मा काढून सदऱ्याला पुसला,
परत घातला,
परत बघितलं.