दोनशे बारावं कार्ड

हरिणीनं विचारलं, मामा, हेडलाइन काय टाकू?
म्हटलं, पेपरात येणार आहे का काही?
नाही हो, तुमची ओळख. एका ओळीत.

एका ओळीत.
एकतीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडली, लिही.

तिनं लिहिलं : जॅकार्ड डिझाइन तज्ज्ञ, सोलापूर.
लग्नापुरता भाड्यानं आणलेला कोट असतो ना,
तसे ते शब्द खांद्यात दाटत होते.
पण खोटं त्यात काही नव्हतं.

अनुभव : साखर पेठेतला कारखाना.
तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात.
शिक्षण : सातवी.
हे रिकामं सोडता येतं, ती हळूच म्हणाली.
सोडू नको, म्हटलं.
कौशल्यं : इथं मी अडलो.
लाईट गेली की अंधारात
बोटांनी भोकं मोजत कार्ड वाचायचो मी,
कुठं पाकळी, कुठं देठ.
तिनं बरंच खाली-वर केलं,
त्यांच्या यादीत त्याला शब्द सापडला नाही.

मग ट्रंकेतली मोराची चादर काढली,
गच्चीत दोरीवर टाकली,
बाराच्या उन्हात फोटो.

पहिल्या आठवड्यात सतरा माणसं जोडली गेली.
नऊ घरातलीच, एक विमावाला,
आणि पुण्याचा एक पोरगा,
जो दिसेल त्याला अभिनंदन म्हणतो.
बायको म्हणाली, ह्यापेक्षा चौकात उभं राहिलात
तर जास्त भेटतील, वर चहा पण मिळेल.

नवव्या दिवशी फोटोखाली कुणीतरी लिहिलं :
मोराचं डावं बोट आखूड आहे.
दोनशे बारावं कार्ड.
भोक मी चुकवलं होतं, नाव अन्नाचं लागलं.
इलियास नदाफ, भिवंडी.

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
बावीस वर्षं.
चारशे चादरी गाठी बांधून गेल्या होत्या,
मालक पुठ्ठा नाचवत विचारत होता, कुणाचा हात?
त्याची बायको सिव्हिलला, दिवस भरलेले,
आठवड्याचा पगार त्याला परवडला नसता.
माझं तोंड आधी उघडलं, इतकंच.
पुढं तो गेला, पत्ता बदलला, नंबर बदलला,
मीही काही शोधायला गेलो नाही.
आणि आता हा असा,
विमावाल्यासमोर, पुण्याच्या पोरासमोर,
माझ्या सातवीच्या खाली उभा राहून
सांगतोय.

ते दोघांचं बोलणं करूरच्या एका बाईंनी वाचलं.
चादरींचा कारखाना, आजोबांपासूनचा.
इंग्रजीत विचारलं, हरिणीनं सांगितलं :
अकरा खोकी जुनी कार्डं पडून आहेत,
कागदावरचं डिझाइन वाळवीनं खाल्लं,
नुसती भोकं पाहून नक्षी सांगणारं
कुणी उरलंय का अजून?

खोकी ट्रान्सपोर्टनं आली.
रोज सकाळी तीन तास
मी पुठ्ठे चाचपतो, ग्राफवर ठिपके भरतो,
हरिणी ते कॉम्प्युटरवर चढवते.
पैसे वेळेवर येतात. फार नाहीत.
तिसऱ्या खोक्यात एक हत्ती निघाला,
सोंडेत काय धरलंय ते अजून कळत नाही.
अर्धी कार्डं भिवंडीला पाठवली.

रात्री त्याचा फोन येतो :
काय बे अन्ना, जेवलास?
कडक भाकरीचा फोटो टाकला तर म्हणतो,
जळवतो काय बे,
आणि लगेच, कन्ना चौकात ते भजीवालं आहे का?
कारखान्याबद्दल तो विचारत नाही.

काल त्यानं मुलीचा फोटो टाकला,
सिव्हिलमध्ये झालेली ती. नर्स झालीय.
लाईक करायला गेलो,
तर अंगठा जाड माझा,
रडक्या तोंडावर पडला.

हरिणी म्हणाली, थांबा, बदलून देते.
म्हटलं, असू दे.